संगणकाचं घड्याळ जुळवताना: कोणत्या डीफॉल्ट सेटिंगला हात लावायचा आणि कोणत्याला नाही

सर्व्हरचं घड्याळ चुकतंय म्हटलं की ठरलेला प्रकार होतो. कोणीतरी कॉन्फिग फाइल उघडतो, आतलं सगळं पुसतो, कुठूनतरी कॉपी केलेल्या चार ओळी चिकटवतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, ‘डेट’ टाइप करून वेळ बघतो आणि काम झालं म्हणून सांगतो. मग काही दिवसांनी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं म्हणजे विंडोजच्या ऑफिस नेटवर्कचं लॉगिन नाकारलं जातं, कारण त्यातली ओळख तपासणारी कर्बेरॉस पद्धत डीफॉल्टने पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. किंवा डेटाबेसमधली नंतरची नोंद आधीची दिसू लागते.

यात डीफॉल्ट सेटिंगचा दोष क्वचितच असतो. ती सेटिंग इंटरनेटला थेट जोडलेल्या एकट्या मशीनसाठी लिहिलेली असते. तुमचं मशीन तसं नसेल, म्हणजे मध्ये फायरवॉल असेल, ते व्हर्च्युअल असेल किंवा डोमेनमध्ये (ऑफिसच्या सामाईक विंडोज नेटवर्कमध्ये) असेल, तर मोजक्या तीन-चार जागी बदल लागतो. बाकीच्या ओळी आहेत तशा राहू द्यायच्या.

हा लेख मुख्यतः लिनक्सवरच्या क्रॉनीबद्दल, म्हणजे एनटीपी या पद्धतीने नेटवर्कवरच्या सर्व्हरांकडून वेळ आणून घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल आहे. विंडोजचा टप्पा शेवटी आहे. आज्ञा आणि सर्व्हरची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायची.

## टप्पा १: घड्याळाला आत्ता कोण हात लावतंय ते शोधा

फाइल उघडण्याआधी हे काम. एका मशीनवर घड्याळ हलवणारा प्रोग्रॅम एकच असला पाहिजे. दोन असले की एक पुढे ओढतो, दुसरा मागे, आणि लॉगमध्ये दोघंही आपलं बरोबर असल्याचं लिहितात.

रेड हॅट, रॉकी, अल्मा आणि फेडोरावर क्रॉनी डीफॉल्ट असतो. रेड हॅट ८ पासून जुना एनटीपीडी (हेच काम करणारा आधीचा प्रोग्रॅम) काढूनच टाकला आहे. उबुंटूवर बरीच वर्षं सिस्टमडी-टाइमसिंकडी होता, २५.१० पासून तिथेही क्रॉनी आला. डेबियन १२ वर टाइमसिंकडी. हा टाइमसिंकडी साधा क्लायंट आहे. तो एका वेळी एकाच सर्व्हरला विचारतो आणि तो सांगेल ते मानतो. घरच्या लॅपटॉपला तेवढं पुरतं. पण कोण खोटं बोलतंय हे ताडून पाहायची सोय त्यात नाही, म्हणून कामाच्या सर्व्हरवर मी क्रॉनीच टाकायला सांगेन. नव्या डेबियन-उबुंटूवर क्रॉनी बसवला की टाइमसिंकडीचं पॅकेज आपोआप निघतं. जुन्या मशीनवर ते स्वतः बंद करावं लागू शकतं.

व्हर्च्युअल मशीन असेल तर आणखी एक भिडू असतो, तो म्हणजे खालचा हायपरव्हायझर, ते मशीन चालवणारा प्रोग्रॅम. व्हीएमवेअर टूल्समधलं नियमित सिंक डीफॉल्टने बंद असतं. मात्र सस्पेंडमधून उठताना किंवा स्नॅपशॉटवर परत जाताना ते एकदा वेळ टाकतंच, चौकटीतली खूण काढलेली असली तरी. खालच्या होस्टचं (मूळ मशीनचं) घड्याळ चुकीचं असेल तर ती चूक अशी अचानक वर येते. म्हणून आधी होस्टचं घड्याळ नीट करा, मग गेस्टचं, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचं.

कंटेनरमध्ये मात्र काहीच बसवू नका. कंटेनर होस्टच्या कर्नलचंच घड्याळ वापरतो.

तपासा: ‘टाइमडेटसीटीएल’ चालवा. ‘एनटीपी सर्व्हिस: अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं तरी कोणती सर्व्हिस ते कळत नाही. त्यासाठी ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ने क्रॉनी, टाइमसिंकडी आणि एनटीपीडी अशी तिन्ही नावं वेगवेगळी पाहा. रेड हॅटच्या घराण्यात सर्व्हिसचं नाव क्रॉनीडी, डेबियनच्या घराण्यात क्रॉनी.

## टप्पा २: घड्याळ चुकलंय की टाइमझोन?

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर थांबा. एनटीपीचा त्याच्याशी संबंध नाही. एनटीपी फक्त यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणतो. त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवून दाखवणं हे टाइमझोनचं काम. क्लाउडवरची मशीनं बहुधा यूटीसीवरच येतात. त्यांच्या लॉगमध्ये सकाळी दहाची घटना साडेचारला दिसते, आणि ते बरोबर असतं. तिथे कोणी ‘डेट’ने हाताने वेळ पुढे सरकवली तर मशीन खरोखर साडेपाच तास चुकतं. मग क्रॉनी ती सरकवलेली वेळ मागे ओढायला लागतो आणि गोंधळाला सुरुवात होते.

टाइमझोन लावायचा असेल तर ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’. इथे एशिया आणि कोलकाता यांची पहिली अक्षरं मात्र मोठी हवीत.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर साडेपाच तासांचा घोळ वेगळ्या वाटेने येतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितो, लिनक्स यूटीसी. विंडोजनंतर लिनक्स सुरू केलं तर घड्याळ साडेपाच तास पुढे, आणि उलट केलं तर तेवढंच मागे. यावर नीट उपाय विंडोजच्या बाजूला आहे: रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशनखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवायची.

तपासा: ‘टाइमडेटसीटीएल’मधली युनिव्हर्सल टाइमची ओळ बघा. मोबाइलवरच्या वेळेतून साडेपाच तास वजा करून ती जुळली तर घड्याळ बरोबर आहे. मग फक्त झोन बदला आणि पुढचे टप्पे सोडून द्या.

## टप्पा ३: फाइल बदलण्याआधी वाट मोकळी करा

‘सिंक होत नाही’ या तक्रारीमागे पहिला संशयित फायरवॉल असतो. एनटीपीला यूडीपी १२३ लागतो. टीसीपी नाही. टीसीपी १२३ उघडून ‘पोर्ट तर ओपन आहे’ असं सांगणारे नेटवर्कवाले प्रत्येक ऑफिसात भेटतात.

दुसरी भानगड अधिक फसवी आहे. जुना एनटीपीडी स्वतःकडूनही १२३ पोर्टवरूनच बोलायचा. क्रॉनी डीफॉल्टने कुठलाही मोकळा वरचा पोर्ट घेतो आणि समोरच्याच्या १२३ ला जातो. फायरवॉलमध्ये ‘सोर्स १२३, डेस्टिनेशन १२३’ असा जुना नियम पडून असेल तर एनटीपीडी चालतो आणि क्रॉनी बसवताच सगळं बंद पडतं. नियमात सोर्स पोर्ट ‘कोणताही’ ठेवा.

सावध: क्लायंटवर आत येणारा १२३ पोर्ट उघडायची गरज नाही. उत्तर त्याच संवादातून परत येतं. जगासाठी उघडलेले जुने एनटीपी सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ले करण्यासाठी वापरले गेले आहेत. क्रॉनीत ‘अलाउ’ ओळ नसेल तर तो कोणालाही वेळ देत नाही. हे डीफॉल्ट उत्तम आहे, त्याला हात लावू नका.

तपासा: ‘क्रॉनीडी -क्यू’ यातला क्यू मोठ्या (कॅपिटल) अक्षरात लिहा आणि पुढे अवतरणात ‘सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट’ द्या. समय१ हा एनआयसी या सरकारी संस्थेचा वेळ सांगणारा सर्व्हर, आणि ‘आयबर्स्ट’ म्हणजे सुरुवातीला लागोपाठ विचारून लवकर जुळणं. हा प्रयोग घड्याळ हलवत नाही, फक्त फरक किती ते सांगतो. उत्तर आलं नाही तर फाइलमध्ये कितीही बदल करा, उपयोग शून्य.

## टप्पा ४: स्रोत निवडा

रेड हॅट ८ पासूनच्या डीफॉल्ट फाइलमध्ये बहुधा एकच पूलची (म्हणजे सर्व्हरांच्या गटाची) ओळ असते, ‘२.रेल.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट’ अशा धाटणीची. ती एक ओळ बघून ‘एकच सर्व्हर आहे’ असं समजून लोक घाबरतात. ‘पूल’ शब्दाने लिहिलेली ओळ डीफॉल्टने चार सर्व्हर घेते. ‘सर्व्हर’ शब्दाने लिहिलेली ओळ एकच. चारचा आकडा उगीच नाही. दोन सर्व्हर असतील आणि त्यांच्यात मतभेद झाला, तर खोटा कोण हे ठरवता येत नाही. तिघांत एक चुकला तर ओळखता येतो. चार असले तर एक बंद पडूनही तिघं उरतात. ‘मुख्य आणि बॅकअप’ म्हणून दोन लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

भारतातल्या ऑफिसांसाठी यात कायद्याचा भाग येतो. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या म्हणजे एनपीएलच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी धागा जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडायची आहेत. अनेक देशांत पसरलेल्यांना दुसरा अचूक स्रोत वापरता येतो, पण तो या दोघांपासून ढळता कामा नये. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी सर्व्हरांवर अजून डिस्ट्रिब्युशनचा डीफॉल्ट पूलच चालू असतो, आणि ऑडिटर फाइल मागतो तेव्हा ते कळतं.

फाइल रेड हॅटवर ‘/ईटीसी/क्रॉनी.कॉन्फ’, डेबियन-उबुंटूवर ‘/ईटीसी/क्रॉनी/क्रॉनी.कॉन्फ’. आधी तिची प्रत काढा. डीफॉल्ट पूलच्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह टाका, पुसू नका. मग खाली हे लिहा:

सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर समय२.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आयबर्स्ट
पूल इन.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट नोसिलेक्ट

शेवटची ओळ साक्षीदारासारखी आहे. ‘नोसिलेक्ट’मुळे क्रॉनी त्या सर्व्हरांना मोजत राहतो, पण त्यांच्यावरून घड्याळ हलवत नाही. सरकारी सर्व्हर आणि बाकीचं जग यांत फरक पडला तर तो तुम्हाला दिसतो, आणि स्रोत मात्र नियमातलेच राहतात.

सावध: तीन गोष्टी टाळा.

नावाऐवजी आयपी पत्ता लिहू नका. पूलचे सर्व्हर बदलत असतात, आज चाललेला पत्ता उद्या दुसऱ्याच कोणाचा असेल.

गुगलचा टाइम सर्व्हर या यादीत मिसळू नका. लीप सेकंद (यूटीसीत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) आला की गुगल तो २४ तासांत पसरवून टाकतो, एनआयसी-एनपीएलसारखे इतर सर्व्हर तो एका क्षणी घेतात. त्या दिवशी दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला आला होता, त्यामुळे ही चूक केलेल्यांना अजून फटका बसलेला नाही, एवढंच. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधला १६९.२५४.१६९.१२३ हा पत्ताही असाच पसरवतो.

तिसरी गोष्ट डीएचसीपीची, म्हणजे मशीनला नेटवर्कची माहिती आपोआप देणाऱ्या सोयीची. राउटर डीएचसीपीमधून स्वतःचा एनटीपी सर्व्हर सुचवत असेल तर नव्या डिस्ट्रिब्युशनवर तो ‘सोर्सडिर /रन/क्रॉनी-डीएचसीपी’ या ओळीतून गुपचूप यादीत येतो. ऑफिसच्या राउटरवर विश्वास नसेल तर ती ओळही हॅश करा.

## टप्पा ५: घड्याळ उडी मारणार की सरकणार, हे ठरवा

हा टप्पा लोक वाचतच नाहीत, आणि नुकसान इथेच होतं.

घड्याळ दुरुस्त करायच्या दोन पद्धती. एक, एका झटक्यात योग्य वेळेवर उडी. दुसरी, सेकंद किंचित लहान-मोठे करत हळूहळू सरकणं. सरकताना वेळ कधी मागे जात नाही, म्हणून चालू डेटाबेसला ती पद्धत सोसते. उडी मागे मारली तर एकच मिनिट दोनदा येतं.

डीफॉल्ट फाइलमध्ये ‘मेकस्टेप १.० ३’ अशी ओळ असते. तिचा अर्थ: फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर उडी मारा, पण सर्व्हिस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांतच. त्यानंतर कितीही फरक पडला तरी फक्त सरकायचं. ही ओळ विचारपूर्वक लिहिलेली आहे. बूट होताना अजून काही चालू नसतं, तेव्हा उडी चालते, नंतर नाही.

आता हिशेब करा. लिनक्सवर क्रॉनीचा सरकण्याचा कमाल वेग डीफॉल्टने दर सेकंदाला साधारण बारावा हिस्सा आहे. म्हणजे दहा मिनिटांचा फरक भरून काढायला त्याला सुमारे दोन तास लागतात. रात्री सस्पेंड केलेलं व्हर्च्युअल मशीन सकाळी उठवलं, क्रॉनी आधीपासूनच चालू होता, फरक दहा मिनिटांचा, तर दुपारपर्यंत वेळ चुकीचीच राहील आणि त्या दोन तासांत प्रत्येक सेकंद वेगळ्याच मापाचा असेल. ‘क्रॉनी काम करत नाही’ अशी तक्रार येते ती अशा वेळी. तो काम करतच असतो.

इतर प्रोग्रॅमची डीफॉल्ट वेगळी आहेत. टाइमसिंकडी ०.४ सेकंदापेक्षा जास्त फरक दिसला की केव्हाही उडी मारतो. जुना एनटीपीडी १२८ मिलिसेकंदांपर्यंत सरकतो, त्यावर उडी मारतो, आणि फरक १००० सेकंदांच्या वर गेला तर घाबरून बंदच पडतो. पहिल्या वेळी मोठा फरक चालवून घे, असं त्याला ‘-जी’ देऊन सांगावं लागतं.

निर्णय असा घ्या. डेटाबेस, मेल आणि हिशेबाच्या सर्व्हरवर डीफॉल्ट ओळ ठेवा. वारंवार झोपणाऱ्या लॅपटॉपवर किंवा चाचणीच्या मशीनवर शेवटचा ३ काढून -१ लिहिला तर क्रॉनी केव्हाही उडी मारू शकतो. तिथे ते सोयीचं. इंटरनेटवर ‘सिंक प्रॉब्लेम सोडवा’ म्हणून हाच -१ सर्रास सांगितला जातो. पैशांच्या नोंदी असलेल्या मशीनवर तो लावू नका.

मोठा फरक आत्ताच घालवायचा असेल तर: आधी डेटाबेस आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) बंद करा, मग ‘क्रॉनीसी मेकस्टेप’ एकदा चालवा, वेळ बघा, मग सेवा परत सुरू करा. हा क्रम उलटवू नका.

## टप्पा ६: या ओळी तशाच राहू द्या

‘ड्रिफ्टफाइल’ काढू नका. तुमच्या मशीनचा क्रिस्टल किती पुढे-मागे पळतो ते त्यात साठतं. ती नसेल तर प्रत्येक रीस्टार्टनंतर क्रॉनी पहिल्यापासून शिकतो. ‘आरटीसीसिंक’ही राहू द्या, त्यामुळे दर ११ मिनिटांनी बरोबर वेळ मदरबोर्डच्या घड्याळात उतरते.

विचारण्याचं अंतर डीफॉल्टने ६४ ते १०२४ सेकंद असतं. ‘जास्त वेळा विचारलं तर जास्त अचूक’ या समजुतीने लोक ‘मिनपोल’ आणि ‘मॅक्सपोल’ कमी करतात. सार्वजनिक सर्व्हरवर त्यामुळे भार पडतो, काही सर्व्हर उत्तर देणंच थांबवतात, आणि नेटवर्कच्या चढउताराने अचूकता उलट कमी होऊ शकते. पहिल्यांदा लवकर जुळावं यासाठी ‘आयबर्स्ट’ पुरेसा आहे.

‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ डीफॉल्ट फाइलमध्ये हॅश करून ठेवलेली सापडते. क्लायंटवर ती उघडलीत तर बाहेरचा एकही सर्व्हर मिळत नसताना मशीन स्वतःचीच वेळ खरी मानून ‘सिंक झालं’ असं दाखवतं.

## टप्पा ७: रीस्टार्ट करा आणि पुरावा बघा

‘डेट’ने दिसलेली वेळ हा पुरावा नाही. सिंक बंद पडल्यावरही काही दिवस ती ठीकच दिसते.

सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि मिनिटभराने ‘क्रॉनीसी सोर्सेस’ चालवा. ओळीच्या सुरुवातीच्या दुसऱ्या खुणेकडे बघा. चांदणी म्हणजे सध्या हाच मुख्य स्रोत; अधिक म्हणजे सोबत वापरलेला; वजा म्हणजे ठीक, पण वापरात नाही; प्रश्नचिन्ह म्हणजे उत्तर नाही, मोजमाप अजून अपुरं किंवा ‘नोसिलेक्ट’ लावलेला; एक्स म्हणजे बाकीच्यांशी न जुळणारा, खोटा ठरलेला.

‘रीच’चा स्तंभ बघून अनेक जण गोंधळतात, कारण तो आकडा अष्टमान पद्धतीत असतो. ३७७ म्हणजे शेवटच्या आठही हाकांना उत्तर आलं. रीस्टार्टनंतर तो १७, ३७, ७७ असा चढत जातो. सगळीकडे शून्य असेल तर टप्पा ३ वर परत जा. एकाच ओळीत शून्य असेल तर तो सर्व्हर बंद आहे किंवा नाव चुकलंय.

मग ‘क्रॉनीसी ट्रॅकिंग’. ‘लीप स्टेटस’ समोर ‘नॉर्मल’ हवं. ‘नॉट सिंक्रोनाइज्ड’ असेल तर काम झालेलं नाही, घड्याळात वेळ कितीही बरोबर दिसो. ‘रेफरन्स आयडी’ ७एफ७एफ०१०१ दिसला तर मशीन स्वतःलाच विचारतंय. टप्पा ६ मधली लोकल ओळ शोधा.

तपासा: मशीन एकदा पूर्ण रीबूट करा आणि याच दोन आज्ञा परत चालवा. सर्व्हिस सुरू केली पण ‘एनेबल’ (बूट होताना आपोआप सुरू होईल अशी) करायची राहिली, हे रीबूटशिवाय कळत नाही. ऑडिटसाठी पुरावा हवा असेल तर फाइलमधली हॅश केलेली ‘लॉग’ची ओळ उघडा.

## टप्पा ८: विंडोजची मशीनं

डोमेनमधल्या क्लायंट विंडोजला बाहेरचा सर्व्हर देऊ नका. ती डीफॉल्टने डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेतात, तो पुढे मूळ डोमेनच्या पीडीसी एम्युलेटरची (डोमेनचं मुख्य घड्याळ सांभाळण्याची) भूमिका असलेल्या सर्व्हरकडून. बाहेरचे सर्व्हर फक्त त्या एका पीडीसीवर लावायचे. कोणीतरी एखादा क्लायंट वेगळा वळवला असेल तर त्यावर ‘डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /सिंकफ्रॉमफ्लॅग्स:डोमहायर /अपडेट’ देऊन परत डोमेनच्या रांगेत आणा. पीडीसी स्वतः हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टच्या हायपरव्हायझरवर) असेल तर त्याचं होस्टकडून वेळ घेणं बंद करा.

पीडीसीवर ‘/मॅन्युअलपीअरलिस्ट’ देताना हमखास चूक होते. सर्व्हरांची नावं एकमेकांपासून स्पेसने वेगळी करायची असतात आणि पूर्ण यादी अवतरणात घालायची. स्वल्पविराम येतो तो नाव आणि त्याच्या फ्लॅगच्या मध्ये: ‘समय१.एनआयसी.इन,०एक्स८ समय२.एनआयसी.इन,०एक्स८’ असा. नावं स्वल्पविरामाने तोडली तर यादी चुकीची वाचली जाते. ०एक्स८ वगळला तर विंडोज क्लायंट म्हणून न बोलता बरोबरीच्या नात्याने बोलतो आणि काही सर्व्हर त्याला उत्तर देत नाहीत. सोबत ‘/सिंकफ्रॉमफ्लॅग्स:मॅन्युअल /अपडेट’ हवंच.

डोमेनबाहेरच्या एकट्या पीसीवर टाइम.विंडोज.कॉम हा डीफॉल्ट सर्व्हर असतो, आणि तिथे विचारण्याचं अंतर तासांत, जुन्या आवृत्त्यांवर तर सात दिवसांचं असतं. शिवाय डीफॉल्टने १५ तासांपेक्षा जास्त फरक विंडोज स्वतःहून दुरुस्त करत नाही. मदरबोर्डची बॅटरी संपून पीसी काही वर्षं मागे गेला असेल तर ‘/रीसिंक’ला ‘बदल फार मोठा आहे’ अशा अर्थाचं उत्तर येतं. आधी तारीख-वेळ हाताने अंदाजे लावा, मग रीसिंक करा. बॅटरी तेव्हाच बदला, नाहीतर वीज गेली की तेच पुन्हा. अशा पीसीवर ब्राउझरही सर्टिफिकेट नाकारत असतो. लोक ते इंटरनेटचं दुखणं समजून राउटर बदलतात.

तपासा: ‘डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स’. उत्तर ‘लोकल सीमॉस क्लॉक’ किंवा ‘फ्री-रनिंग सिस्टम क्लॉक’ आलं तर सिंक होत नाही. ‘व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर’ आलं तर वेळ हायपर-व्हीच्या होस्टकडून येतेय. फरक किती ते काही न बदलता मोजायचं असेल तर ‘/स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:’ आणि पुढे सर्व्हरचं नाव.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हजेरीचं यंत्र यांना बाहेर पाठवण्यापेक्षा तुमच्या ऑफिसातल्या क्रॉनी सर्व्हरचा पत्ता द्या. त्या एकाच सर्व्हरवर ‘अलाउ’पुढे फक्त ऑफिसचं सबनेट लिहा आणि त्या सबनेटपुरता आत येणारा यूडीपी १२३ उघडा. डीव्हीआरमध्ये टाइमझोन जीएमटी+५:३० आहे आणि डेलाइट सेव्हिंग बंद आहे, हे मेनूत जाऊन डोळ्यांनी बघा.